बनाबाईची मूठ आणि शिडाची दोरी

बोटीत पाय टाकायच्या आधी बनाबाई माणसाला हात पुढं करायला लावते. मग तो पुण्याहून रोहित पक्षी बघायला आलेला मोठा साहेब असो, नाहीतर वालचंदनगरच्या क्वार्टरमधली तिची जुनी शेजारीण असो. हातात शिडाची दोरी ठेवते आणि म्हणते, "धर बघू." बहुतेक जण काय करतात? दोरीचा एक वेढा तळव्याभोवती घेतात आणि मूठ आवळतात. झालं! बनाबाईचा आवाज असा चढतो की काठावरचे बगळे उडावेत. "काढ तो वेढा! आधी काढ! हितं गुंडाळलेली दोरी चालत न्हाय. न्हाय जमत तर काठावर बस, मी चहा करून देते."

माणसं म्हणतात, म्हातारी खडूस आहे. असेल बापडी. पण तो वेढा तिला काय दाखवून गेलाय ते ज्यांना ठाऊक आहे, ते मुकाट्यानं मूठ उघडतात.

बनाबाईचा जन्म भीमेकाठच्या आंबेवाडीचा. आता ही आंबेवाडी कुठं शोधायला जाऊ नका, ती उजनीच्या फुगवट्याखाली आहे. धरण भरलं तेव्हा बनाबाई परकर-पोलक्यातली पोर होती. घरं उठली, दारं-चौकटी गाड्यांवर चढल्या, माणसं वरच्या माळावर नव्या गावठाणात गेली. गावची जानाई मात्र जागची हलली नाही. नदीकाठच्या टेकाडावर तिचं ठाणं होतं, शेंदूर लावलेला एक तांदळा, बिनघडीचा दगड. पुजाऱ्यानं नव्या देवळात नवा दगड बसवला, पण जुना तांदळा उपटायला कुणाचा हात धजला नाही. आंबेवाडीची रीत अशी की, गावची लेक लग्न होऊन गेली की पहिल्या सणाला माहेरी येते आणि जानाईची ओटी भरते. बनाबाईचं लग्न झालं तेव्हा जानाई पाण्याच्या तळाशी. ओटी राहिली ती राहिलीच. तिच्या आईनं इंदापूरच्या बाजारातून त्या ओटीसाठी हिरवा खण आणून ठेवला होता. म्हातारीनं डोळे मिटेपर्यंत एकच घोकलं, "बने, जानाईची ओटी राहिली गं तुझी." खण लेकीच्या पेटीत आला. आणि लेकीनं एक शपथच घेतली म्हणा ना, की ज्या पाण्यानं माझं माहेर खाल्लं त्या पाण्यात मी पाऊल घालणार नाही.

सासर पणदऱ्याचं. तिथं ती एका गोष्टीसाठी अजून ओळखली जाते. थोरला यशराज तेव्हा रांगता होता. त्याला बैलगाडीत उसाच्या वाढ्यावर झोपवून बनाबाई बैलांच्या कडेनं चालली होती, कासरा हातात. मागून ट्रॅक्टर आला, त्याचा कर्णा वाजला आणि बैल उधळले. दुसरी कुणी असती तर बोंब मारत बाजूला झाली असती. हिनं मनगटाला कासऱ्याचा वेढा दिला आणि टाचा रोवल्या. बैलांनी तिला मातीतून फरफटत नेलं, गुडघे फुटले, तळहाताची साल निघाली, पण कासरा काही सुटला नाही. बैल दमून थांबले. पोरगं वाढ्यावर झोपलेलं, त्याची पापणीसुद्धा हलली नव्हती! उजव्या तळव्यावरचा तो पांढरा व्रण बनाबाई अजून दाखवते. "सुटला म्हंजे गेला," हे तिचं तेव्हापासूनचं म्हणणं.

नवरा जोतीराम वालचंदनगरला फिटर म्हणून लागला आणि रिटायर होईपर्यंत तिथंच राहिला. त्याचा जिवलग मित्र संघपाल. संघपाल तरुणपणी नेव्हीत होता, मग कंपनीत आला. दोघं एका शॉपमध्ये, दोघांची क्वार्टर लागून. रिटायर झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, नातवंडं सांभाळतात. या दोघांनी काय करावं? कोकणातल्या एका खाडीत पडून राहिलेली फायबरची जुनी शिडाची बोट उसाच्या ट्रॉलीवर घालून इंदापूर तालुक्यात आणली! आत दोघं जण पाय लांब करून झोपतील एवढी छपरी, मध्ये वर-खाली होणारी एक फळी, आणि ही उंच डोलकाठी, तिला एक मोठं शीड आणि पुढं एक लहान. बनाबाईचा भाऊ आप्पा, त्याची जमीन फुगवट्याच्या काठाला. तिथं बाभळीच्या सावलीत ट्रॉली उभी केली आणि आप्पाच्याच वस्तीवर बिऱ्हाड मांडलं. बनाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "ज्या पाण्याचं तोंड बघायचं न्हाय, त्याच्याच दारात आणून बसवलं मला."

पण राग राग करत का होईना, बोट सांभाळली तिनंच. गड्यांना बोट चालवायची हौस, सांभाळायची कुणाला? पहिल्याच महिन्यात आप्पाच्या म्हशींनी बोटीला अंग घासून घासून वरचा गुळगुळीत थर खरवडून काढला. बनाबाईनं भोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि म्हशींना शिव्या घातल्या. खरवडलेल्या जागी संघपालनं रसायन कालवून दिलं, ते हिनं चुलीला पोतेरं द्यावं तसं एका हातानं सपाट ओढलं. शीड ओलं असताना जोतीरामनं घडी घालून छपरीत कोंबलं, तर तिनं ते ओढून बाहेर काढलं. "ओली गोधडी कुणी पेटीत ठेवतं व्हय? काळी टिपकी पडली की शीड गेलं." वाळलेलं शीड उन्हात उघडं टाकायचं नाही हेही तिला कुणी शिकवावं लागलं नाही, उन्हानं कापड कसं विरतं ते तिनं आयुष्यभर बघितलेलं. शिडाची शिवण उसवली तर मेण लावलेल्या दोऱ्यानं ती गोधडीसारखी दुहेरी टाके घाली.

डोलकाठीला तीन बाजूंनी ताण देणाऱ्या तारा असतात. त्यांच्यावर सगळी भिस्त. संघपालनं सांगितलं होतं की तार आतून तुटायला लागली की आधी एखादं बारीक कुसळ बाहेर येतं, डोळ्याला दिसत नाही. बनाबाई जुन्या लुगड्याचा बोळा घेऊन तार वरपासून खालपर्यंत पुसत जाई. बोळ्याचा धागा अडकला की थांबायचं, तिथं तार बदलायची. दर खेपेनंतर तळाचं पाणी फडक्यानं टिपायचं, दोऱ्या धुऊन सावलीत टांगायच्या, डोलकाठीच्या भोकात गांधीलमाशीनं घर केलंय का ते बघायचं. हे सगळं करायची, आणि बोट पाण्यात उतरली की पाठ फिरवून गोठ्यात जायची.

तरी एकदा तिचे पाय थांबलेच. वारा पश्चिमेकडून, आणि बोट चाललेली पश्चिमेला! बनाबाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी. परत आल्यावर तिनं संघपालला धरलं. "भाऊ, वाऱ्याच्या अंगावर शीड जातंय कसं? मला येडी समजू नका, इंजिन लपवलंय ना आत?" संघपाल पोट धरून हसला. म्हणाला, "वहिनी, सरळ न्हाय जात. भरलेली गाडी चढाला लावताना तिरकी घेता का न्हाय? तशी. थोडं ह्या अंगाला तिरकं, मग त्या अंगाला तिरकं. खालची फळी बोटीला बाजूला सरकू देत न्हाय, म्हणून ती पुढं जाते." बनाबाईला ते पटलं आणि पटलंही नाही. रात्री तिनं जोतीरामला परत विचारलं, "वारा ढकलतोय मागं आणि ती जाते पुढं. ही काय देवाची करणी म्हणायची का काय?"

मग तो उन्हाळा आला. पाणी असं झपाझप मागं हटलं की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं. एके दिवशी आप्पा धावत आला. "बनाक्का, टेकाड वर आलंय! जानाईचं टेकाड!"

बनाबाई काठावर गेली. दूर पाण्यात एक करडा उंचवटा, त्यावर वाळून काळा पडलेला झाडाचा एक बुंधा. ती किती वेळ बघत राहिली कुणास ठाऊक. याआधीही दुष्काळात ते टेकाड डोकं काढून गेलं होतं, पण भोवती गाळ, बाभळीची बुडखी आणि मच्छीमारांची तुटकी जाळी. इंजिनच्या लाँचचा पंखा तिथं अडकतोच, म्हणून कुणी जवळ जात नसे. संघपाल तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "आपली बोट जाईल, वहिनी. फळी वर ओढली की ती वीतभर पाण्यात तरंगते."

बनाबाईनं पेटीतून खण काढला. शपथ त्या दिवशी मोडली.

पण लगेच जायला संघपाल तयार नव्हता. तीन माणसं असतील तर तिघांना बोटीचं कळलं पाहिजे, म्हणाला. चार-सहा दिवस काठाजवळ शिकवणी चालली. लाइफ जॅकेट घालायला तिनं कुरकुर केली नाही. शिडाखालची आडवी काठी फिरताना डोकं खाली घालायला ती शिकली. पण दोरी हातात आली की घोटाळा. वाऱ्याचा झोत आला, बोट कलली की शिडाची दोरी सैल सोडायची, म्हणजे शिडातला वारा सांडतो आणि बोट उभी राहते. एवढं सोपं. आणि बनाबाई काय करायची? वेढा घ्यायची आणि ओढायची! बोट आणखी कलायची. संघपाल ओरडायचा, "सोडा! सोडा वहिनी!" तिचा हात ऐकेल तर शपथ. शेवटी त्यानं दोरी तिच्याकडून काढून घेतली. "तुमी नुसतं वजन म्हणून बसा." बनाबाई त्या दिवशी जेवली नाही.

निघाले ते सकाळच्या मंद वाऱ्यात. मांडीवर ओटीचं गाठोडं, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. संघपाल सुकाणूवर, जोतीराम पुढं. काठ मागं गेला, म्हशींचे, पंपांचे आवाज गेले, आणि बाई बाई, काय ती शांतता! इंजिन नाही, धक्का नाही. बोटीच्या पोटाखालून पाणी सळसळत होतं तेवढंच. समोरून रोहित पक्ष्यांचा थवा उठला. पंखांचं ते गुलाबी डोक्यावरून वाहत गेलं, इतकं जवळून की त्यांच्या पंखांचा वारा अंगाला लागला. बनाबाईनं हात जोडले. मग ती कडेवरून खाली बघायला लागली. हिरवट, गढूळ, काही दिसत नव्हतं. तरी म्हणाली, "हितं कुठंतरी आमची आळी असंल. मी पळत जायची ती." आपण आपल्या घराच्या छपरावरून, बापाच्या विहिरीवरून पाखरासारखे चाललोय, या विचारानं तिच्या अंगावर काटा आला.

"भाऊ, तुमी येणार ना ठाण्यापर्यंत?" तिनं विचारलं.

संघपाल हसला. "मी देव मानत न्हाय, वहिनी, तुमाला ठाऊकच हाय. माझ्या आजीला असल्या ठाण्याच्या पायरीखालीच उभं करायचे. पण मी माहेर मानतो. तुमाला माहेरी सोडायला आलोय."

टेकाड हाकेच्या अंतरावर आलं आणि जोतीराम ओरडला, "संघा, तिकडं बघ!" करमाळ्याच्या अंगाला आभाळ तांबूस झालं होतं. मातीचा लोट उठलेला. वळवाआधीचं वावटळी वारं. संघपालचा चेहरा बदलला. "जोत्या, पुढचं शीड उतरव! आधी ते!" जोतीराम वाकून पुढं सरकला. पुढच्या शिडाची दोरी अडकली होती. संघपालला सुकाणू सोडता येईना आणि त्या अडकलेल्या दोरीची गाठ तर मागून त्यालाच सोडवायची होती. त्यानं मोठ्या शिडाची दोरी बनाबाईच्या हातात दिली. "क्षणभर नुसती धरा. गुंडाळू नका!"

आणि वारा आदळला.

काय झालं ते कळायच्या आत बोट एका कुशीवर गेली. जोतीरामचा पाय दोरीत अडकला आणि तो पाण्याच्या बाजूला घसरला, छातीपर्यंत पाण्यात, एका हातानं तार धरलेली. वरून शीड त्याच्यावर झुकत येत होतं. आणखी एक वीत, की शीड, काठी, दोऱ्या, सगळं त्याच्या अंगावर पडणार आणि तो त्याखाली गाडला जाणार. सुकाणू पाण्याबाहेर हवेत उचललेलं, संघपाल ते फिरवून करणार काय? तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "दोरी सोडा! वहिनी, सोडा!"

बनाबाईच्या उजव्या हाताला वेढा बसलेला होता. कधी घेतला? तिलाच ठाऊक नाही. हातानं आपण होऊन घेतला. धनी पाण्यात आहे, आणि हाताला एकच ठाऊक, सुटला म्हंजे गेला! ती टाचा रोवून ओढत होती, आणि जितकं ओढावं तितकं शीड धन्यावर येत होतं. तिनं ते डोळ्यांनी बघितलं. जोतीरामनं तिच्याकडं बघितलं.

तेव्हा तिला कळलं. पण वेढा इतका आवळलेला की एका हातानं सुटेना. दुसऱ्या हाताशी छातीला कवटाळलेलं गाठोडं. आईचा खण. जानाईची ओटी, जिच्यासाठी ती या पाण्यात उतरली होती.

"आई, माफ कर," ती म्हणाली आणि गाठोडं पाण्यात सोडलं.

मोकळ्या हातानं तिनं वेढा उपसला. दोरी सर्रकन गेली, जुन्या व्रणावरून कातडं घेऊन गेली. शीड फडफडफड करत मोकळं झालं आणि ती बोट, अहो, ती बोट पाण्यातून उठून उभी राहिली! बुडणारं माणूस श्वास घ्यायला वर यावं तशी. जोतीराम तारेला लटकलेला वर आला, खोकत, थुंकत, जिवंत. संघपालनं त्याला जॅकेटच्या गळ्याला धरून आत ओढलं. बनाबाई उघड्या तळव्याकडं बघत बसली. साऱ्या जन्माचं धरणं एका बाजूला, आणि सोडल्यावर उठलेली ती बोट एका बाजूला. तिला रडूही येईना, इतकं नवल वाटत होतं.

वारा आला तसा निघून गेला. शिडं उतरवून, फळी वर ओढून, वल्ह्यानं हळूहळू त्यांनी बोट टेकाडाला लावली. खडकाळ काठ पायाला लागला. बनाबाई उतरली आणि आधी वाकून त्या मातीला डोकं टेकवलं.

तांदळा तिथंच होता. शेंदूर कधीच धुऊन गेलेला, अंगावर शिंपले चिकटलेले, पायथ्याशी गाळ वाळून भेगाळलेला. आजूबाजूला पायरी नाही, ओटा नाही, काही नाही. इतकी वर्षं जानाई पाण्याखाली एकटी बसून होती. बनाबाई तिच्यासमोर उभी राहिली आणि मग मात्र तिचा बांध फुटला. "आले गं बाई. पण रिकामी आले. आईनं घेतलेला खण गेला, नारळ गेला. तुला द्यायला काय न्हाय माझ्याकडं."

जोतीराम लंगडत वर आला होता. ओल्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. "अगं, मी हाय ना," एवढंच म्हणाला वेडा.

बनाबाईनं त्याच्याकडं बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग तांदळ्याकडं. डोळे पुसले, आणि आंबेवाडीची लेक आपल्या जानाईपुढं पदर पसरून बसली.

"व्हय की. मीच चुकले. माहेराहून लेक रिकाम्या ओटीनं जात न्हाय. भर आता तूच."

पदर पसरलेला, आणि भरायला कुणी नाही. माहेरची सवाष्ण तिथं कुठून आणायची? जोतीराम सासरचा, त्याला तो मान नाही. संघपाल खाली बोटीजवळ उभा होता.

"भाऊ, वर या."

संघपाल जागचा हलला नाही. क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढं आजी उभी राहिली असणार. बनाबाईनं ते ओळखलं. "या वो. पायरी राहिलीय कुठं आता? पाण्यानं समदं सपाट केलंय. माहेरी सोडायला आलाय न्हवं, मग भावाचं काम कोण करणार?"

पुरुषमाणूस ओटी भरत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं बूट काढले. वर आला. जानाईच्या पायथ्याची वाळलेली माती ओंजळीत घेतली, आंबेवाडीची माती, बनाबाईच्या आळीची, बापाच्या विहिरीची, आणि तिच्या पदरात घातली. एकदा, दोनदा, पदर जड होईपर्यंत.

परत निघताना वारा पाठीशी होता, अगदी शहाण्यासारखा. संघपालनं दोरी बनाबाईपुढं धरली. "घेता?"

तिनं घेतली. सोलवटलेल्या हातात, बोटांवर नुसती ठेवल्यासारखी, वेढा न घेता. झोत आला की सैल सोडी, गेला की पुन्हा घेई. जोतीराम तिच्या हाताकडं बघतच राहिला.

पदराला मात्र तिनं घट्ट गाठ मारली होती.